पुलावरची थप्पड

इथे न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसन गावात, आमचा शेजारी घरात ओली लाकडं जाळतो. काल तो धूर नाकात गेला आणि मी चाळीस वर्षं मागे, असाच धूर भरलेल्या आमच्या इंग्लंडातल्या गावात जाऊन पडलो. टेकडीवर चर्च, खाली कागदाची गिरणी, मधे ओढा आणि दगडी पूल, एवढंच गाव. जुन्या लढाईत त्या पुलावर माणसं कापली गेली, ओढा लाल झाला, हे गिरणीतले लोक अभिमानाने सांगायचे.

त्याच पुलावर गिरणीतल्या एका दारुड्याने मला धरलं. "तुझ्या देशात जा," म्हणाला आणि तोंडावर बुक्की मारली. दोन दात पडले. मी आडवा झालो तरी तो लाथा घालत राहिला. माझी बायको शालू दुकानातून येत होती. तिने बटाट्यांची पिशवी गरगर फिरवून त्याच्या कानशिलात हाणली. तो रक्ताळून कठड्याशी कोसळला.

"उठा हो, तो उठायच्या आत चला," शालू म्हणाली.

लोक दारांतून बघत होते. बायकोने वाचवलं, ही लाज मला दातांपेक्षा जास्त झोंबली. मी उठलो आणि तिच्याच थोबाडीत मारली. ती सांडलेले बटाटे वेचत राहिली.

यंदा शालूच्या आजारपणात नातीने जुन्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा शालूने पुलाची गोष्ट पिशवीपर्यंतच सांगितली. नात हसली, "स्वीट ॲज, आजी," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. मी दाराशी उभा होतो. शालूने माझी थप्पड झाकली.

ती गेली. आता सांगायला मीच उरलोय. मी मारलं तिला.