सव्वीस आट्यांचा नट

नट हातानं चार आटे गेला आणि पाचव्याला अडकला. मी पाना लावला. अडकलेल्या नटाला पाना लावू नये, हे कारखान्यात मी नव्या फिटरांना रोज सांगायचो. कर्र असा आवाज झाला.

ज्याची मोटरसायकल होती तो नामदेव समोरच उभा.

"मिस्त्री, आवाज कायचा आला?"

"आटे गेले."

"गेले म्हंजे? कुठी गेले?"

आटे म्हणजे नट-बोल्टवरची गोल फिरत जाणारी खाच. आमच्याकडे तिला चूडीही म्हणतात. बोल्टाच्या एका इंचात किती आटे बसतात, यावर सगळं अवलंबून. आकडा जुळला नाही तर नट चढत नाही, आणि बळजबरी केली तर आहेत तेही आटे जातात. तेच झालं होतं, आणि माझ्याच हातून.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आदिलाबादेत मी सिमेंट कारखान्यात टर्नर होतो. घरामागे पत्र्याच्या शेडात एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, टाकला होता आणि सुटीच्या दिवशी जुन्या इंग्रजी मोटरसायकली उभ्या करायचो. बायको म्हणायची, माणसं सुटीला झोपतात.

नामदेव वांकिडीकडचा, घरी कापूस अन् ज्वारी. गाडी त्याच्या वडिलांनी तरुणपणी लष्करी लिलावात घेतलेली. तो ती खताच्या ट्रकवर घालून घेऊन आला होता.

"दोन पोळे झाले, बैलाच्या मागं गाडी ढकलत नेऊन राह्यलो. अख्खं गाव हासते. बाबा म्हणते, यंदा तोरनाखालून सोताहून गेली नाई तं भंगारात देतो. अन् देतेच तो, तुमी वळखत नाई त्याले."

पोळा दहा दिवसांवर होता.

इंजिनाचं सिलेंडर खाली धरून ठेवणारे चार स्टड असतात; स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. त्यांचे नट हरवले होते. मी पिच गेज लावून पाहिला, म्हणजे कंगव्यासारखी दात्यांची पट्टी. झिजलेल्या स्टडवर एक मिलिमीटरचा कंगवा छान बसला. तसे नट केले. एक मिलिमीटर म्हणजे इंचात पंचवीस आटे आणि थोडे. स्टडवर होते सव्वीस. हा फरक डोळ्याला दिसत नाही. पाचव्या आट्याला दिसतो.

पुस्तक काढलं. सव्वीस आटे, जुनी इंग्रजी पद्धत, पुढं शब्द: ऑब्सोलीट. माझा लेथ मिलिमीटरचा, त्यावर सव्वीस आटे कापायचे गिअर माझ्याकडे नव्हते. फोरमनला विचारलं. तो म्हणाला, "म्युझियममध्ये विचारा." हैदराबादला सुट्या भागांच्या एका दुकानात ट्रंक कॉल लावला. तिथला म्हणाला, "वो माल अब कौन रखता साब?"

नामदेव दर दोन दिवसांनी यायचा, शेडच्या दारात बसून गाडीचे सुटे भाग पुसत राहायचा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोळ्याला चार दिवस उरले असताना ड्यूटीला जाताना माझी सायकल पंक्चर झाली. कोपऱ्यावर मल्लेशचं दुकान. खिशात नमुन्याला काढलेला एक चांगला स्टड होता, तो टोचायला लागला म्हणून मी त्याच्या पेटीवर ठेवला. मल्लेशनं तो उचलला.

"साब, पिछले चाक का एक्सल कायकू काटे?"

आणि डब्यातला एक नट घेऊन त्यावर सोडला. बोटानं फिरवला. पाचवा आटा गेला, सहावा गेला, नट शेवटापर्यंत गेला.

"ये छब्बीस है?" मी विचारलं.

"छब्बीस-विब्बीस नै मालूम साब. सायकल की चूडी है."

च्यायला! त्या मोटरसायकली बनवणारे बरेच इंग्रजी कारखाने आधी सायकली बनवायचे. आटे त्यांनी तेच ठेवले. पुढं मोटरसायकलींवरून ते आटे मोडीत निघाले, इकडं सायकलींवर राहिले. वीस वर्षं मी त्याच आट्यांवर बसून ड्यूटीला जात होतो. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

मल्लेशकडे आटे पाडायचे टॅप आणि डाय दोन्ही होते, पंक्चरच्या रबरात गुंडाळलेले. सायकलचे नट मऊ, म्हणून मी चांगल्या पोलादाचे नट केले आणि त्याच्या टॅपनं आटे पाडले. मी बिघडवलेल्या स्टडवर डाय फिरवला, तो सुधारला. चारही नट बोटानं खालपर्यंत गेले. नामदेवनं प्रत्येक नट स्वतः एकदा फिरवून पाहिला.

पोळ्याला मी वांकिडीला गेलो. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. वडील स्वतः बसले. सडक्या सायलेन्सरकडे मात्र मी पाहिलंच नव्हतं. तोरणाखाली असा काही फटाका वाजला की तीन जोड्या दोर तोडून कपाशीत शिरल्या. गाव संध्याकाळपर्यंत बैल शोधत होतं.

पुस्तकात ऑब्सोलीट वाचलं की मी आता आधी मल्लेशकडे जातो.

पुढच्या पोळ्याआधी गावानं बैठक घेऊन ठरवलं, गाडी तोरणाखालून बंद करूनच न्यायची. मला वाटलं, म्हातारा आता नक्की भंगारात घालणार. नामदेवला घाबरतच विचारलं.

"छ्या," तो म्हणाला. "बाबा सोता ढकलते आता. म्हणते, चालू गाडी ढकलाले लाज कायची?"