चौथी पट्टी

माझ्या वडिलांना सगळे बूटमास्तर म्हणत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच वाकडी, ज्यांना बोटंच नाहीत, अशांचे बूट पप्पा करत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते गुडघ्यांवर टेकत, त्याचा उघडा पाय मांडीवर घेत आणि डोळे मिटून प्रार्थना करत. मगच टेप काढत. येशूने शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला निदान पायांची मापं तरी नीट घेता यावीत, असं त्यांचं म्हणणं.

"काय मास्तर, सापडला का देव पायात?" एखादा विचारायचा.

"सापडला की हाक मारतो. तोवर मोजे तेवढे धुऊन आणत जा."

दुकान हसायचं. मशीनवर चामडं शिवता शिवता मीही हसायचे. कितीतरी माणसं भिंत धरून आत आली आणि हात मोकळे सोडून बाहेर गेली. हे खरं आहे. पुढचंही खरं आहे.

त्या गिऱ्हाइकांतली एक मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा सोळा वर्षांची होती. डावा पाय जन्मापासून आखूड. असा पाय मोजायचा तर माणसाला उभं करायचं आणि कंबर सरळ होईपर्यंत पायाखाली लाकडी पट्ट्या सरकवायच्या. जितक्या पट्ट्या, तितका बुटाचा तळ जाड. पण दुकानात चार माणसं होती आणि ती उभी राहायला लाजत होती. तिचा पाय पप्पांच्या मांडीवर होता, प्रार्थना नुकतीच संपली होती.

"राहू दे बाळ, बसूनच घेतो," पप्पा म्हणाले. त्यांना ती दया वाटली असावी. टेपने अंदाज घेऊन त्यांनी तिच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर, लिहून टाकलं: चार पट्ट्या.

तीन महिन्यांनी ती म्हणाली, "मास्तरकाका, कंबर दुखते हो."

"सवय नाही ना अजून. होईल."

पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "थोडं सोसावं लागतं, पोरी. प्रत्येकाला आपापला क्रूस असतो."

त्यानंतर ती दुखण्याबद्दल बोलली नाही. अकरा वर्षं. दरवर्षी यायची, आम्ही फर्मा काढायचो, त्यावरचा आकडा वाचायचो, बूट करायचो. तिच्या जुन्या बुटाचा तळ नेहमी एकाच कडेला झिजलेला असे. झीज वाचायला, एकच कड झिजली तर उंची चुकलीय हे ओळखायला, मला पप्पांनीच शिकवलं होतं. मी ती वाचत होते आणि नवा तळ चिकटवून देत होते.

मग फर्म्याला कीड लागली. नवं माप घेणं भाग होतं. ती आता शाळेत शिकवत होती. लाजणं संपलं होतं. आपणहून उभी राहिली. मी मागून तिची कंबर धरली, पप्पा खाली पट्ट्या सरकवू लागले. तिसऱ्या पट्टीला कंबर सरळ झाली. त्यांनी चौथी सरकवली. कंबर कलली. काढली, पुन्हा सरकवली. पुन्हा कलली. ती पट्टी हातात धरून ते तसेच जमिनीवर बसून राहिले.

"काय झालं काका?"

"काही नाही. चष्मा."

बूट तीन पट्ट्यांचा केला. पंधरा दिवसांनी ती जवळजवळ धावतच आली. "काका, कंबर दुखायची थांबली! ऐकली देवाने तुमची प्रार्थना. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून तशी साक्ष देणार आहे मी. पाळकसाहेबांना सांगूनही आलेय."

ती गेल्यावर जेवताना मी म्हटलं, "सांगायलाच हवं का पप्पा? बरी झाली ना ती. तिचा विश्वास कशाला मोडायचा?"

"कुणावरचा?" त्यांनी विचारलं. आणि ताट बाजूला सारलं.

शनिवारी आम्ही तिच्या घरी गेलो. पप्पा बसले नाहीत. त्यांनी चौथी पट्टी तिच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. माझ्या चुकीला मी तुझा क्रूस म्हणत राहिलो. मला क्षमा कर."

ती पट्टीकडे बघत होती. "मी रडत होते, ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग?"

"प्रार्थना करून घेतलेलं माप चुकणार नाही, असं वाटायचं."

"आणि मला वाटायचं, माझाच विश्वास कमी पडतोय. म्हणून दुखतंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हालाही माहीत नव्हतं?"

पप्पा निदान चुकले होते. मी तर पाहिलं होतं.

तिने क्षमा केली असं म्हटलं नाही. रविवारी ती चर्चमध्ये आली, मागच्या बाकावर बसली. पाळकसाहेबांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. ती उठली नाही.

महिनाभराने ती दुकानात आली. सोबत तिच्या वर्गातली लंगडणारी एक मुलगी होती, बाईंचा पदर घट्ट धरून.

"हिला आधी उभं करा," ती पप्पांना म्हणाली. "आणि दुखतं म्हणाली, तर ऐका."

पप्पा गुडघ्यांवर टेकले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मुलीकडे मान वर करून त्यांनी विचारलं, "सांग बाळ, कुठे दुखतं?"

मुलगी सांगायला वेळ लावत होती. मी मशीन बंद केलं.