एकाच कानातलं पाणी

आमच्या गावात कानाला दडा बसला की माणूस म्हणतो, पाणी गेलंय. दिवसातून दोनदा नदीत बुड्या मारणारी माणसं आम्ही, दुसरं काय म्हणणार? दवाखान्यात जाऊन कानाचं रडगाणं गाणाऱ्याला इथं हसतात. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

रिनाय सिगात ही त्या दवाखान्यातली मदतनीस. आमची बिदायुह बोली आणि डॉक्टरांचं इंग्रजी, दोन्ही नीट येणारी गावात ती एकटीच. म्हणून कुचिंग शहरातून संशोधनाचं पथक आलं तेव्हा दुभाषी म्हणून तिलाच घेतलं. नाकामागच्या पोकळीतला कॅन्सर आमच्या लोकांत फार. तो लवकर कसा ओळखायचा, हे त्यांना शोधायचं होतं. घरोघरी फिरून रक्त घ्यायचे, खारवलेल्या माशांनीही तो होतो म्हणे, म्हणून ते किती खाता हे विचारायचे.

मी म्हटलं, "मासे सोडायला सांगणार असाल तर आल्या पावली परत जा."

"काका, मासे राहू देत," रिनाय म्हणाली. "तुमच्या जिभेचा खारटपणा कमी झाला तरी पुरे."

कागदावर एक प्रश्न होता: कान बंद वाटतो का? लोक सांगायचे, "छे गं, नुसतं पाणी गेलंय." रिनाय लिहायची, नाही. मी तेच सांगितलं. तिच्या धाकट्या भावानं, जिहेतनंही तेच सांगितलं. घरचाच माणूस, त्याला काय खोदून विचारायचं, म्हणून तिनं मान वर न करता लिहिलं आणि पुढच्या घरी गेली.

सात महिन्यांनी जिहेतच्या मानेवर गाठ आली. पथकातल्या डॉक्टर लॉ बाईंनी तपासलं. म्हणाल्या, "कानात पाणी आहे खरं, पण पडद्याच्या आत. नाकामागे गाठ वाढली की कानाची नळी बुजते. कधीपासून होतं हे?"

"वर्ष झालं," जिहेत म्हणाला. "या एकाच कानात."

ते इंग्रजीत सांगायचं काम रिनायचं होतं. तिनं सांगितलं. मग आपण काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी प्रश्न बदलला: पाणी कोणत्या कानात, आणि कधीपासून? नदीचं पाणी दोन दिवसांत निघून जातं, हे आम्हाला कुणी विचारल्याशिवाय सुचलंच नव्हतं. तो कागद घेऊन रिनाय सगळ्या घरांत पुन्हा फिरली. भाऊ अंथरुणाला खिळलेला, आणि ही लोकांचे कान विचारत फिरतेय.

"डाव्या," मी चिडून सांगितलं. "मिरीच्या काढणीपासून."

"उद्या गाडी येईल. बसायचं."

"नाही बसलो तर?"

"तर उचलून घालीन."

माझी गाठ लहान निघाली. किरणांनी ती जाळली. लाळ आटली, जेवणाची चव गेली, पण मी आहे. जिहेत गवाईच्या, सुगीच्या सणापर्यंतही टिकला नाही.

गाव तिच्याशी चांगलं वागलं. जो तो म्हणायचा, तुझा काय दोष, होतं असं. ती मान हलवायची आणि कामाला लागायची.

परवा दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "काका, सगळे म्हणतात माझी चूक नाही. जिहेतही शेवटपर्यंत तेच म्हणत होता. तुम्ही अख्ख्या गावाला फाडून खाता. मला एकदा खरं सांगा."

जिच्यामुळे जगलो तिला काय बोलू? पण सगळं हसण्यावारी न्यायच्या सवयीनंच तर आमचा घात केला होता.

"चुकलीस तू," मी म्हणालो. "सख्ख्या भावाला नीट विचारलं नाहीस. आणि आम्हीही तुला धड सांगितलं नाही."

भावाला पुरताना डोळ्यातून टिपूस न काढलेली रिनाय तिथंच बसून हमसून हमसून रडली. मी तिला गप्प केलं नाही.