गिळायचा तं नायच

दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय याची स्वतःच्या पोटापेक्षा जास्त काळजी वाहणारा माणूस सबंध पनवेल तालुक्यात एकच आहे, आणि नशिबाने तो माझा व्याही झाला. गव्हाणचे हे आगरी गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. भात-भाकरी म्हणजे तोंडाचा तास, मटण-मासळी म्हणजे जठराचा, आणि राहिलेला सगळा गृहपाठ लहान आतड्याचा, असं त्यांचं वेळापत्रक. स्वादुपिंडाचं नाव तर ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात; ते बिचारे मागे बसून सगळ्यांचं निस्तरतात म्हणे. स्वतःच्या मुलाच्या हळदीला मटणावर तुटून पडलेल्या पाहुण्यांना त्यांनी हात धरून थांबवलं, जठरातल्या आम्लाला प्रथिनं फोडायला जरा सवड द्या म्हणून. पाहुण्यांना वाटलं, मटण कमी पडलं. शेवटी व्याह्यांच्या भावाला टोपाचं झाकण उघडून दाखवावं लागलं.

मागच्या वर्षी माझी बायको मोठ्या दुखण्यातून उठली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, अन्न पोटात जायला हवं. मी रागावलो, लेक रडली, शेजारणींनी आग्रह केला. ती तोंड फिरवायची. डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि मी मनातून पार घाबरलो होतो.

एका दुपारी व्याही तांदळाची भाकरी फडक्यात बांधून आले. जेवा म्हणालेच नाहीत. एक तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि शाळेची भाषा सोडून गावच्या बोलीत म्हणाले, "विहीणबाई, गिळायचा तं नायच. निस्ता चावा, नि गोड लागला का बोला. लाळेनं पिठाची साखर होते, ती आमाला बघायची हाय."

व्याह्यांचा शब्द मोडवेना म्हणून ती चावत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गोड लागतंय." मग ओशाळून, "पण गिळला गेला हो."

त्यांनी कपाळाला हात लावला. "प्रयोग फसला. आता दुसरा घास, पयल्यापासून."

असे त्यांचे प्रयोग रोज फसत राहिले, आणि बायको हळूहळू उठून बसली, हिंडूफिरू लागली. हा माणूस नसता तर माझं घर रिकामं झालं असतं. आभार मानायला गेलो तर त्यांनी विषय लहान आतड्यावर नेला.

हल्ली गुडघ्यांमुळे त्यांचं येणं कमी झालंय. जेवताना बायको समोर बसून सावकाश भाकरी चावते. मी तिच्याकडे बघत राहतो, आणि माझा घास कितीदा तरी हातातच राहतो.