बॉइनच्या चिखलातली गँग

इथले भुताखेतांचे धागे मी डबे भरता भरता वाचते, करमणूक म्हणून. विश्वास कधीच नव्हता. पण हे एकदा लिहून टाकल्याशिवाय स्वस्थ बसवत नाही...

नोव्हेंबर २०१०. आम्ही आयर्लंडमधल्या ड्रोहेडात राहायचो. मी हॉस्पिटलच्या नर्सेसना डबे द्यायचे, नवरा सँट्रीला ऑफिसात. सासरे तीन महिन्यांसाठी आलेले – रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगचे मुकादम म्हणून रिटायर झालेले. बॉइन नदीवरचा इंग्रजांच्या काळातला रेल्वे पूल पाहिला आणि त्यांची झोपच उडाली. शेजारची मॉरा सांगायची, बांधताना एका खांबाला तळ लागेना, शेवटी चिखलात लोकरीचे गठ्ठे दडपले म्हणे.

"सुनंदा, त्या खांबाला चार माणसं कमी आहेत," बाबा रोज म्हणायचे.

"पूल दीडशे वर्षांपूर्वी बांधून झालाय, बाबा. चहा घ्या."

एका दुपारी डबे देऊन आले तर दार सताड उघडं. बाहेर दाट धुकं. मी तडक पुलाखाली गेले. खांबाजवळ बाबा मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेले, आणि भरतीचं पाणी चढत होतं. नवऱ्याला फोन केला, "मदत पाठव," म्हटलं आणि फोन तसाच चालू खिशात टाकला. मफलर फेकला, ओढलं. ऐंशी किलोचा माणूस – तसूभर हलेना. पाणी त्यांच्या कमरेला आलं.

"नुसतं काय ओढतेस! हाळीवर ओढ!" बाबा खेकसले आणि गँगला द्यायचे तशी हाळी दिली, "लावा जोर...!"

मी "हैशा" म्हणणार, तोच माझ्या मागून पंधरा-वीस पुरुषांचा हुंकार आला. शब्द कळला नाही, ठेका अचूक. मफलर ताणला गेला. तीन हाळ्यांत बाबा काठावर! मी वळले. मागे कोणी नाही. ओल्या मातीत फक्त माझ्या बुटांचे ठसे.

खिशातून नवरा ओरडत होता, "अगं, निघाले ना? त्या लोकांना थांबव, थँक्यू म्हणायचंय मला!"

"कुठल्या लोकांना?"

"इतके जण ओरडत होते ते!"

मॉरा म्हणाली, धुक्यात आवाज घुमतो, यू आर ग्रँड, म्हणजे काळजी करू नकोस. नंतर मी तिथे जाऊन ओरडून पाहिलं. एकच आवाज परत येतो, माझा. ते बाकीचे आवाज कुणाचे, अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी चिखलाचे मोजे सोलताना बाबा म्हणाले, "चांगली गँग आहे. आता दोनच माणसं कमी."

मी लगेच त्यांचं तिकीट अलीकडचं केलं. कुठले दोघे भरले, ते मात्र विचारलं नाही.