बमरोलीच्या हवेत गेमिंग लॅपटॉप

यजमान गेल्यानंतर अकराव्या महिन्यात मी आयुष्यातली पहिली मोठी खरेदी एकटीने केली, आणि ती गेमिंग लॅपटॉपची होती. मी शाळेत ग्रंथपाल आहे. संगणकावरचा पत्त्यांचा खेळसुद्धा मला आजवर पूर्ण करता आलेला नाही. पण दुःखात माणसं काय काय करतात. कोणी काशीला जातं, मी कॉम्प्युटर मार्केटला गेले.

गरज मुलीची होती. तिने कापडाच्या डिझाइनचा कोर्स केला होता आणि सुरतच्या रिंगरोडवरच्या एका साडीच्या व्यापाऱ्याने तिला महिनाभर आजमावून बघायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की लॅपटॉप स्वतःचा हवा आणि महिनाअखेर बारा डिझाइनं हवीत. साडीच्या प्रिंटची फाइल केवढी जड असते, हे मला तेव्हा कळलं. पदर, काठ, बुट्टे, एकावर एक तीस-चाळीस थर. साधा लॅपटॉप ती उघडतानाच मान टाकतो. तिला लागतं ते ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये असतं. म्हणजे साडीवर एक मोर काढायचा, तर आधी बंदुकांच्या लढाईला पुरेल एवढं यंत्र घरात आणावं लागतं.

हे काम मिळालं तर बमरोलीतली खोली आम्हाला ठेवता येणार होती. नाही मिळालं, तर माझ्या एकटीच्या पगारावर सुरत झेपणार नव्हती. अमळनेरजवळच्या गावी माझे दीर वाटच बघत होते. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "वहिनी, तठे आते तुमनं कोन शे? घर या." घर म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, जिच्यात सध्या ढेपेची पोती राहतात. दीर स्वभावाने चांगले आहेत. पोती हलवायची त्यांची तयारी होती.

मी खरेदीआधी अभ्यास केला. मी पुस्तकांच्या प्रस्तावनासुद्धा वाचणारी बाई आहे, तेव्हा लॅपटॉपवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि शाळेतल्या कोऱ्या कार्डांवर त्यांची टिपणं काढली. मराठी वाङ्मयात समीक्षेची दुरवस्था आहे असं मी समजत होते. ते मत मी मागे घेतलं. एकाने लिहिलं होतं, "अप्रतिम लॅपटॉप, कालच आला, अजून उघडला नाही." दुसऱ्याचा सातव्या महिन्यात मदरबोर्ड जळाला होता, तरी त्याने पाच तारे दिले होते, कारण डिलिव्हरी वेळेवर आली होती. तिसरा म्हणत होता की लॅपटॉप उत्तम आहे, फक्त मांडीवर ठेवू नका, टेबलावर ठेवू नका आणि उन्हाळ्यात वापरू नका.

अखेर दोन लॅपटॉप उरले. एक राखाडी, कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा. वेगाने मध्यम, पण तीन वर्षं बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. दुसरा काळा, पाठीवर लाल ओरखडे, कळफलकाखालून सात रंगांचे दिवे. वेग दुप्पट, वॉरंटी एक वर्ष, आणि दुरुस्तीला आपणच त्याला पालखीत घालून न्यायचं. माझी सगळी कार्डं राखाडीच्या बाजूने होती. मुलगी काळ्याकडे बघत होती.

दुकानातला विक्रेता तिच्याच वयाचा होता. त्याने काळ्यावर एक गाड्यांची शर्यत लावली. लॅपटॉपचे पंखे असे सुटले की मला वाटलं शेजारच्या दुकानात कोणी मिक्सरवर चटणी लावली.

"मॅडम, रॉकेट छे, रॉकेट!"

"रॉकेट परत येतं का?" मी विचारलं.

तो हसला नाही. त्याला तो प्रश्न तांत्रिक वाटला असावा. "एक सालनी वॉरंटी छे, मॅडम."

यजमान लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, जॉबर होते; माग जुळवायचे, बिघडला तर दुरुस्त करायचे. यंत्र घेताना त्यांची एकच पद्धत होती. ते चालू करायचं, त्याच्यावर तळहात ठेवायचा आणि मनात दहा मोजायचे. दहाच्या आत हात काढावा लागला तर यंत्र घ्यायचं नाही. आमचा मिक्सर, फ्रीज, पाण्याची मोटर सगळं या परीक्षेतून पास होऊन आलेलं आहे. मी भर दुकानात कळफलकाच्या वरच्या पट्टीवर तळहात ठेवला. मुलगी दुसरीकडे बघायला लागली. सहाला मी हात काढला.

"मॅडम, गरम तो होगा ना. ताकद छे ने!"

"मम्मी," मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा असते ना, तर त्यांनी हाच घेतला असता."

हे धादांत खोटं होतं. पप्पांनी सहाला हात काढला असता आणि आम्हाला उसाचा रस पाजून घरी आणलं असतं. ते खोटं आहे हे तिलाही माहीत होतं. पण अकरा महिन्यांत तिने त्यांचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मी काळा लॅपटॉप घेतला. माझी कार्डं पर्समध्ये राहिली. संशोधनाचं सहसा हेच होतं.

बमरोलीत आमच्या खोलीच्या मागे लूमची खाती आहेत. दिवसभर खटखट चालते आणि हवेत सुताची बारीक लव तरंगते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, फोडणीच्या तेलावर, देवाच्या तसबिरीवर, सगळीकडे ती बसते. आम्हाला तिचं काही वाटत नाही. लॅपटॉपला वाटलं. जो लॅपटॉप जितका ताकदवान, तितके त्याचे पंखे जोरात हवा ओढतात, आणि इथे हवा ओढायची म्हणजे अर्धं कापड ओढायचं. अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी कोणीही लूमच्या मागे राहत नव्हतं, त्यामुळे हा मुद्दा माझ्या कार्डांवर नव्हता.

पहिले दहा दिवस ते रॉकेटच होतं. मुलीने पाच डिझाइनं केली. मधल्या वेळात ती गाड्यांची शर्यतही खेळायची, आणि मी जिंकणाऱ्या गाडीचा रंग विचारून रस असल्याचं दाखवायचे. मग एका दुपारी पदरावरच्या वेलीला रंग भरता भरता लॅपटॉप बंद पडला. दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी पाचदा. खालच्या जाळीवर राखाडी थर दिसत होता. सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की घरी उघडला तर वॉरंटी जाईल, आणि आणून दिलात तर आठवडा जाईल. म्हणजे काय गमवायचं ते ग्राहकाने ठरवायचं.

मला मात्र उपाय ठाऊक होता. खात्यात सगळी सफाई कॉम्प्रेसरच्या हवेने होते. मशीन, मोटर, शर्ट, डोकं, जेवणाचा डबा, सगळ्यावर नळी धरायची आणि हवा मारायची. यजमान रोज संध्याकाळी तसेच घरी यायचे, केस मागे उडालेले, शर्ट स्वच्छ. वीस वर्षं त्या हवेने माझा संसार स्वच्छ ठेवला, लॅपटॉप कोण लागून गेला. मुलगी रंगांचं पुस्तक आणायला बाजारात गेलेली बघून मी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि त्यांच्या खात्यावर गेले.

ते गेल्यापासून मी त्या दारात गेले नव्हते. त्यांच्या जागी आता जो जॉबर आहे तो शिरपूरकडचा. मला बघून त्याने हात वर केला आणि दाराजवळचे चार लूम थांबवले. मला ते नको होतं. आवाजात बरं असतं.

"वहिनी, तुम्ही कशाला आल्या? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"ह्याच्यात लव बसली आहे. जरा हवा मारून द्या."

त्याने लॅपटॉप तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर घेतला, उलटा केला, आणि नळी जाळीला लावली. आतून अशी शिट्टी निघाली की बाजूचे दोन कारागीर वळून बघायला लागले. मागच्या फटीतून नमद्यासारखा राखाडी गोळा बाहेर पडला. सगळ्यांना फार समाधान झालं.

"अजून एकदा मारा," मीच म्हणाले.

त्याने अजून एकदा मारली. "घ्या वहिनी. आता धा वर्षं बघायला नको."

दहा मिनिटंही बघावं लागलं नाही. घरी चालू केल्याबरोबर आतून खडे दळल्यासारखा आवाज आला, मग तोही थांबला, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, की एक पंखा फिरत नाही. मुलगी आली तेव्हा मी टॉवेलची घडी घालत होते.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला. "कॉम्प्रेसर? मिलवाला कॉम्प्रेसर मार्यो?" त्याने आतल्या दोघांना बोलावून मला दाखवलं. मग समजावलं, की एवढ्या दाबाने तो इवलासा पंखा त्याच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते. हवा मारायचीच तर आधी पात्यात काडी अडकवायची असते. नवा पंखा पंधरा दिवसांनी येणार होता. डिझाइनं द्यायला अकरा दिवस उरले होते.

आम्ही रिक्षात बसलो. मी म्हणाले, "राखाडी घेतला असता तर..."

"त्यालाही तू हवा मारली असतीस, मम्मी."

हे खरं होतं.

पुढचे दिवस आम्ही जगातला सर्वांत महाग कासव पाळलं. एका पंख्यावर लॅपटॉप लवकर तापायचा, म्हणून मुलीने त्याचा वेग सगळ्यात खाली आणला, दिवे बंद केले, शर्यत काढून टाकली. खालून हवा जावी म्हणून शब्दकोशाचे दोन खंड दोन बाजूंना लावले. माझ्या पुस्तकांचा घरात उपयोग झाल्याचा हा पहिलाच पुरावा. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवला आणि आम्ही दोघी घामात बसलो. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा हवा गार असते, मुलगी त्या वेळी उठून काम करायची. एक फाइल सेव्ह होईपर्यंत माझ्या दोन भाकरी व्हायच्या. बारापैकी नऊ डिझाइनं झाली.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, तू चल." मार्केटच्या चौथ्या मजल्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आम्ही व्यापाऱ्याच्या गादीपर्यंत पोचलो. मी शब्दकोशही बरोबर घेतले होते, न जाणो तापला तर. पण त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हॉट्सॲप करी दे ने," ते म्हणाले.

ज्या मोरासाठी आम्ही रॉकेट आणलं, तो त्यांनी तडा गेलेल्या मोबाइलवर, चहा पिता पिता, अंगठ्याने सरकवत बघितला. नऊही डिझाइनं एका चहात संपली.

"नव केम?" ठरली होती बारा.

मुलीने खरं ते सांगितलं. लॅपटॉपचा पंखा गेला, म्हणून तीन राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही.

व्यापारी कपबशी खाली ठेवत म्हणाले, "आगळनो डिझायनर बहु होशियार हतो. वीस बनावतो. पण आवतो ज नहोतो." म्हणजे आधीचा हुशार होता, पण कामावर यायचाच नाही. मग तिच्याकडे बघून, "तू रोज आवशे?"

त्यांना दुसरं काहीच विचारायचं नव्हतं. खोली, सुरत, ढेपेची पोती, सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडत होती.

तिचे वडील रोज जायचे. वीस वर्षांत त्यांनी एक खाडा केला नाही. त्यांच्या खात्याचा शेठ दिवाळीला सगळ्यांसमोर त्यांचं उदाहरण द्यायचा. गेले त्या दिवशी सकाळी छातीत दुखतंय म्हणाले होते. मी म्हणाले, आज राहू द्या. ते म्हणाले, आज माल जायचा आहे. माल वेळेवर गेला.

"रोज नाही," मी म्हणाले. तिथे गेल्यापासून मी पहिल्यांदाच बोलत होते आणि आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "रविवारी येणार नाही. बरं नसेल त्या दिवशी येणार नाही. बाकीचे दिवस येईल."

मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा एकदा कॉम्प्रेसर आणला आहे. मागे कोणी गठ्ठा पाडला, त्याच्यावर व्यापारी ओरडले, मग आमच्याकडे वळले.

"बेन, मांदी पडे तो कोण बोलावे? सोमवारथी आवजे, दीकरी." म्हणजे आजारी माणसाला कोण बोलावतं, सोमवारपासून ये.

लिफ्ट बंद होती. जिन्याने दोन मजले उतरल्यावर मुलगी म्हणाली, "मम्मी, गेलं असतं ना काम."

"गेलं असतं," मी म्हणाले.

खाली रस्त्यावर आल्यावर तिने लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्यावरून काढून स्वतःकडे घेतली आणि काकांना फोन लावून माझ्या हातात दिला. रविवार नव्हता, त्यामुळे दीर घाबरून म्हणाले, "काय व्हयनं, वहिनी?"

मी त्यांना सांगितलं, पोती राहू द्या.