दुर्बिणीतली वाकलेली चिमणी

वाचकांपुढे प्रथम माझी भूमिका स्पष्ट करतो. मी सांगलीच्या एका शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. भूत, चकवा, संकेत यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही जे पाहिले ते जसेच्या तसे मांडतो... निष्कर्ष तुम्ही काढावा, कारण मला तो काढता आलेला नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षे. माझी थोरली बहीण, आक्का, कोरेगाव तालुक्यात दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या साहेबांनी स्वतःची जर्मन दुर्बीण त्यांना भेट दिली होती. संक्रांतीला मी गेलो, तर दाजींनी ती माझ्यापुढेच ठेवली. त्यांचा मुलगा विलासही तोफखान्यात; दुसऱ्या दिवशी तो सीमेवरच्या चौकीवर रुजू व्हायला निघणार होता.

"मास्तर, पोराबरोबर पाठवायची हाय. खोट असंल तर आत्ताच सांगा. तितं डोंगरात ह्या काचंवर इस्वास ठिवून बसणार हाय त्यो."

घरामागच्या माळावरून मी पद्धतशीर तपासणी सुरू केली. इतके निर्मळ दृश्य मी पूर्वी कधीच पाहिले नव्हते! विजेच्या तारेवरच्या कावळ्याचे पीस न् पीस वेगळे दिसत होते, उसाच्या पात्याच्या करवती कडेचे दाते मोजता आले असते. साध्या दुर्बिणीत उजळ वस्तूच्या कडेला जांभळट-हिरवी किनार दिसते. इथे तिचा मागमूसही नव्हता. विजेचा खांब दृश्याच्या अगदी कडेला नेला, तेव्हा तो किंचित आत वाकलेला दिसला. हा दोष नव्हे, बरे का! दुर्बीण फिरवताना दृश्य गोलावरून घरंगळल्यासारखे वाटू नये, म्हणून चांगले कारागीर कडेला तेवढी वक्रता जाणूनबुजून ठेवतात. मध्यभागी मात्र सरळ रेषा सरळच दिसली पाहिजे.

मग मी मध्यभागी दाजींच्या गुऱ्हाळाची विटांची उंच चिमणी घेतली... आणि ती वाकलेली दिसली. कमरेतून, धनुष्यासारखी, खालच्या पत्र्याच्या छपराकडे.

"दाजी, दोष आहे. विलासला देऊ नका."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः पाहिले. त्यांनाही तसेच दिसले.

चिमणीशेजारचा खांब त्याच दुर्बिणीत छडीसारखा सरळ होता. तापलेल्या हवेचा परिणाम म्हणावा, तर तसे दृश्य थरथरते. हे स्थिर होते. शेवटी मी दुर्बीण वरची बाजू खाली करून धरली — भिंगात दोष असेल, तर वाकही उलट बाजूला जायला हवा. तो गेला नाही. म्हणजे दोष चिमणीत? पण नुसत्या डोळ्यांना ती सरळ दिसे, आणि मी सोबत नेलेल्या शाळेच्या दुर्बिणीतही, जिची शक्ती तेवढीच होती.

"सायबांच्या काचंत खोट न्हाई," दाजी ठामपणे म्हणाले. "काच वाकडी का चिमणी वाकडी, पंचांनी ठरवायचं!" आणि प्रकाशशास्त्राचा प्रश्न पंचांपुढे ठेवण्यासाठी त्यांनी खाली गुऱ्हाळाकडे हाक मारली, "आरं बाबू, काहील उतरली न्हवं? समदी वर या!"

बाबू हा त्यांचा गुळव्या, काहिलीत रस आटवून गूळ करणारा. खालून त्याचा आवाज आला, "आवं सुभेदार, दुसरा रस चढवायचाय आन् तुमाला चिमणी बघायचं सुचतंय व्हय? चुलवाण थंड पडंल की!"

"पडू दे. मास्तरांस्नी फुकायला बसवू!"

हसत, कुरकुरत सगळे गडी माळावर चढून आले. चुलवाणात उसाचे चिपाड घालणाराही आला. एरवी भट्टी पेटती असताना तो जागचा हलत नसे. बाबूने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"आयला... वाकलीया की वं." दुर्बीण खाली घेतली. "सरळ हाय." पुन्हा लावली. "न्हाई, वाकलीया."

"एक काय ते सांग गड्या," कोणीतरी टोमणा मारला, "सकाळच्यानं काय घेतलंयस?"

हशा पिकला, आणि त्या हशातच तो आवाज आला. चिमणी कमरेतून तुटली आणि छपरावर कोसळली. पत्रे चेपले. ज्या जागी हे सगळे एरवी बसलेले असत, तिथे विटांचा ढीग होता... आणि धूळ. आक्का घरातून धावत आली आणि एकेकाचे नाव घेऊन प्रत्येकाला हात लावून पाहू लागली. बाबूने दुर्बीण छातीशी धरली होती.

वारा नव्हता. आमच्या भागात पहिला संशय कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्यावर जातो, पण गावात कोणालाच धक्का जाणवला नव्हता. चिमणी आधीच थोडी कलली असेल, असे मी पुष्कळदा स्वतःला समजावले. परंतु विटांचे बांधकाम कलते, तडकते; धनुष्यासारखे वाकत नाही. आणि वाकलेच असते, तर दुसऱ्या दुर्बिणीत का दिसले नाही?

संध्याकाळी विलास ट्रंक भरत होता. दाजींनी विचारले, "मग मास्तर, निकाल काय? खोट हाय का न्हाई?"

जे उपकरण सरळ वस्तू वाकडी दाखवते ते सदोष, असे मी प्रत्येक तुकडीला शिकवत आलो होतो. मी भिंगे मऊ फडक्याने पुसली, दुर्बीण पेटीत ठेवली आणि पेटी स्वतः विलासच्या हातात दिली.

"खोट नाही," मी म्हणालो.

कोणत्या आधारावर म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.